हुबेहूब न्यायालय

१९८२ च्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या एका विधी महाविद्यालयाने परिपत्रक काढले. ज्या विद्यार्थ्याकडे अभ्यासेतर उपक्रमाचे प्रमाणपत्र नसेल, त्याचा परीक्षेचा अर्ज स्वीकारला जाणार नाही. उपक्रम एकच होता, अभिरूप न्यायालय, म्हणजे खोट्या खटल्याची सुनावणी. क्रिकेटही होते, पण बॅट प्राचार्यांच्या घरी असे.

जवळच्या बोनकोडे गावातल्या शिवरामने लगेच नाव दिले. त्याला घाई होती. नव्या शहराच्या नकाशात त्याच्या आईच्या घरावरून रस्ता गेला होता. आईने, बायजाबाईने, हरकत घेतली होती आणि परका वकील तिला चालणार नव्हता. "माजा पोर वकील होनार हाय. तोच बोलंल," ती सगळ्यांना सांगे.

पहिल्या सुनावणीला शिवराम चाळीस पाने पाठ करून आला. समोरचा अरविंद काहीच वाचून आला नव्हता. तो उठून म्हणाला, "माय लॉर्ड, माझे सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत. पुढची तारीख मिळावी."

न्यायासनावर बसलेले प्राचार्य श्यामसुंदर सर गहिवरले. "पंचवीस वर्षं शिकवतोय, इतकं हुबेहूब कोणी केलं नव्हतं!" अरविंदला प्रमाणपत्र तिथल्या तिथे मिळाले.

"सर, माझा युक्तिवाद तयार आहे."

"पहिल्याच तारखेला? तुला व्यवसायाची काही कल्पना आहे का?"

दुसऱ्या तारखेला फाइल सापडेना. तिसऱ्या तारखेला साक्षीदार गावी गेला. चौथ्या तारखेला न्यायमूर्तींना दाढदुखी झाली. वर्ष सरले आणि शिवरामचा परीक्षेचा अर्ज 'प्रकरण प्रलंबित' असा शेरा घेऊन परत आला. तो कॉलेजच्या जिन्यात बसून रडला.

पुढच्या वर्षी तो शहाणा झाला. पुकारा होताच म्हणाला, "माय लॉर्ड, वकीलपत्र आजच मिळालं. पुढची तारीख मिळावी." प्रमाणपत्र मिळाले, यथावकाश सनदही मिळाली.

बायजाबाईच्या हरकतीची खरी सुनावणी निघाली. शिवराम काळा कोट घालून उभा राहिला आणि सवयीने तारीख मागून मोकळा झाला.

"काय झाला रं?" बाहेर आईने विचारले.

"तारीख मिळाली, आई! एका दमात!"

तिने आळीभर साखर वाटली. तोवर काम थांबवायची स्थगिती मात्र कोणी मागितलीच नव्हती, आणि रस्त्याला तारखेची गरज नव्हती. आठवड्याभरात तो घरावरून गेला. बायजाबाई आता भाड्याच्या खोलीत राहते आणि पोराशी बोलत नाही.

असल्या वकिलाकडे कोण जाईल, असे तुम्ही म्हणाल. परवा तुम्हीच त्याच्या ऑफिसबाहेर बाकावर दोन तास बसलात आणि घरी येऊन कौतुकाने सांगितलेत, "वकील फार मोठा आहे. भेटतच नाही."