अर्धा दिवस, सात थांबे आणि ग्वाल्टेरचा नवस

ज्वालामुखी एकदा निवला की त्याची जबाबदारी माणसांवर येते. धगधगणारा डोंगर स्वतःची ओळख स्वतः करून देतो. निवलेल्या डोंगराला मात्र कुणीतरी बोलका माणूस लागतो, नाहीतर तो नुसता डोंगर राहतो आणि त्याच्यावर गायी चरतात. आमच्या बेटाचा डोंगर कधीच निवला, पोटात थोडी ऊब तेवढी शिल्लक आहे. गायी भरपूर आहेत. आणि समुद्राला जशी पाण्याची टंचाई कधी पडली नाही, तशी आम्हाला बोलक्या माणसांची पडली नाही. या तिन्हींच्या संयोगातून जी थोर संस्था जन्मली तिला 'अर्ध्या दिवसाची मार्गदर्शकासहित जीप सहल' असं म्हणतात.

अर्धा दिवस अशासाठी की सबंध बेट, वाटेत गायींना रस्ता देऊनही, दीड तासात संपतं. उरलेला वेळ बोलण्याने भरायचा. त्यालाच मार्गदर्शन म्हणतात. आणि जीप अशासाठी की रस्ता डांबरी आहे. गुळगुळीत रस्त्यावर साहस घडवायचं तर निदान गाडी तरी कडक हवी. (शाळेची बस त्याच रस्त्याने जाते. ती सहलीच्या आड येऊ नये याची आम्ही सगळे मिळून काळजी घेतो.)

सहलीला सात थांबे. पहिला, डोंगराच्या मुखातलं तळं, ज्याला तळ नाही. एका बिशपने त्यात दोर सोडला होता, तो अजून खाली जातोय, अशी माहिती देण्यात येते. (ही माहिती माझी आहे. पूर्वी मी जीप चालवायचो तेव्हा एका पावसाळी सकाळी सुचली. आता ती छापील पत्रकात आली आहे, याचा मला सार्थ अभिमान वाटतो.) दुसरा थांबा चाच्यांच्या गुहेचा, जिथे सोनं पुरलेलं आहे आणि बटाटे साठवलेले आहेत. तिसरा, नवऱ्याची वाट पाहून दगड झालेल्या बाईचा. चौथा, लिओपोल्दिना काकीच्या खानावळीचा, जिथे मांस, कोबी आणि रताळ्यांचा हंडा भल्या पहाटे तापलेल्या जमिनीत पुरतात आणि दुपारी ज्वालामुखीने शिजवलेलं अन्न पानात वाढतात. पाचवा, 'इथलंच' चीज. सहावा, ते छोटं देऊळ, ज्याच्या दाराशी येऊन लाव्हारस थांबला. सातवा, गावातला चौक, जिथे फादर एर्मिनिओ दर तासाला स्वहस्ते घंटा वाजवतात.

कुठल्याही तज्ज्ञाने तपासून पाहावं, या सहलीत सरासरी दर दीड किलोमीटरला एक खोटं पडतं. युरोपातल्या इतर बेटांच्या मानाने हे प्रमाण अगदी बेताचं आहे.

तर ग्वाल्टेर हा माझ्या हाताखाली तयार झालेला गडी. आवाज भारदस्त, मिशा भारदस्त, धुक्यातसुद्धा प्रवाशाला तळं दिसल्याचा भास करून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याला एक खंत होती. आमच्याकडे दर वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला एका घराला मान मिळतो. पिशवीतून चिठ्ठी निघते, ज्याचं नाव निघेल तो पुढच्या वर्षीचा सम्राट. त्या वर्षी सणाच्या आधीचा आठवडा चांदीचा मुकुट त्याच्या घरात राहतो, आणि सणाच्या दिवशी त्याची बायको सगळ्या गावाला पाव, मांस आणि पुदिन्याचं सूप वाढते. ग्वाल्टेरची बायको झुल्मिरा लग्न होऊन आली तेव्हापासून या चिठ्ठीची वाट पाहत होती. तिसऱ्या थांब्यावरच्या दगडाकडे बोट दाखवून ती म्हणायची, "ही बाई नवऱ्याची नाही, मुकुटाची वाट बघत असणार."

शेवटी एका खेपेला, पिशवीत हात जायच्या ऐन वेळी, ग्वाल्टेर सणाच्या सगळ्या मंडळासमोर उभा राहिला आणि नवस बोलला, की यंदा माझं नाव निघालं तर मुकुट परत करीपर्यंत माझ्या तोंडून खोटा शब्द निघणार नाही. नाव निघालं. धंद्यात बोललेलंही खोटंच असतं हे त्याला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला एव्हारिस्टो पुढे आला. हा दुसऱ्या जीपचा मालक. सम्राटाने नवस मोडला तर मान ज्याच्याकडे जातो त्या राखीव चिठ्ठीवर त्याचं नाव होतं.

"अभिनंदन रे," एव्हारिस्टो त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "उद्या सकाळची सहल आहे ना तुझी? आता तळं किती खोल सांगणारेस?"

दुसऱ्या दिवशी ग्वाल्टेरने गप्प राहून पाहिलं. चार डच प्रवासी त्याने सातही थांब्यांवर मौनात फिरवले. ती धार्मिक सहल आहे असं समजून त्यांनीही आवाज खाली ठेवला. पण एव्हारिस्टोने मंडळाकडे तक्रार केली, आणि मंडळाने दोन बाटल्या वाइन संपवून निर्णय दिला, की न विचारलेलं सांगायची सक्ती नाही, पण विचारल्यावर गप्प बसणं हे खोटंच धरलं जाईल.

तेव्हापासून आमच्या बेटावर सत्याला सुरुवात झाली.

पहिल्या थांब्यावर ग्वाल्टेर धुक्याकडे बोट करून सांगू लागला, "इथून तळं दिसतं. आज दिसत नाही. काल दिसलं नव्हतं. खोली कमरेएवढी आहे, माझा मेहुणा त्यात उभा राहून मासे धरतो." गुहेपाशी सांगू लागला की बटाटे चांगले आहेत, सोन्याबद्दल काही कळलेलं नाही. देवळापाशी एका बाईने विचारलं, लाव्हारस खरंच दाराशी थांबला का. "थांबला," ग्वाल्टेर म्हणाला, "देऊळ नंतर बांधलं. जिथे थांबला तिथेच दार ठेवलं." आणि कुणीतरी विचारलं की या रस्त्याला जीप कशाला लागते, तेव्हा त्याने समोरून येणाऱ्या शाळेच्या बसला हात केला.

आता धंदा बसायला हवा होता. एव्हारिस्टोचा तसा हिशेब होता आणि तो तर्काला धरून होता. पण परदेशी प्रवाशांची एक अडचण असते. आयुष्यभर ते इतकं रंगवलेलं ऐकत आलेले असतात की कमरेएवढं तळं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका जर्मन शिक्षकाने ग्वाल्टेरचा हात दोन्ही हातांत धरला. महिनाभरात ग्वाल्टेरच्या जीपला रांग लागली आणि बोटीवरून उतरणारी माणसं 'सत्याची जीप' कुठे मिळते म्हणून विचारू लागली.

इथे एक शास्त्रीय अडचण उभी राहिली. खोटं कितीही पुरवता येतं. सत्याचा साठा मात्र मर्यादित असतो, त्यातून आमचं बेट लहान. डोंगराबद्दलचं जेवढं म्हणून खरं होतं ते दुसऱ्या थांब्यापर्यंत संपायचं, आणि समोर अर्ध्या दिवसाचा वेळ पडलेला. प्रवाशांनी पैसे मोजलेले. मग ते बाकीच्या गोष्टींबद्दल विचारायला लागले.

हा हंडा खरंच पहाटेपासून जमिनीत असतो का? ग्वाल्टेरने लिओपोल्दिना काकीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "शेवटची दहा मिनिटं असतो," तो म्हणाला. "त्याआधी मागच्या खोलीत गॅसवर असतो." हे चीज इथलंच का? "चीज समोरच्या बेटावरचं आहे. कागद इथला आहे." घंटा कोण वाजवतं? "टेप वाजते. फादर तेव्हा झोपलेले असतात."

"मी झोपलेला असतो हे तुला कसं कळलं रे?" फादर एर्मिनिओंनी त्याला नंतर गाठून विचारलं.

"खिडकी उघडी असते, फादर. टेपपेक्षा तुमचा आवाज मोठा येतो."

गावची सभा भरली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की या माणसाने जरा माणसासारखं खोटं बोलावं. लिओपोल्दिना काकी तर पदराच्या जागी असलेला ॲप्रन डोळ्यांना लावून म्हणाली, "माझ्या चार पिढ्यांना कुणी असं नाव ठेवलं नव्हतं. अरे, गॅस काय आभाळातून पडतो? तोही जमिनीतूनच येतो ना?" पण नवस मोडायला सांगायचं म्हणजे मुकुट एव्हारिस्टोकडे. आणि इकडे झुल्मिराने घराला पांढरा रंग दिलेला, शेजाऱ्यांच्या खुर्च्या सांगून ठेवलेल्या, मुकुटासाठी मधल्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा बांधून त्याला कागदी फुलं लावलेली. तिला जाऊन 'तुझा सण गेला' असं सांगायला एकही माणूस उभा राहिला नाही. एव्हारिस्टो उभा राहिला होता, त्याला खाली बसवण्यात आलं.

मग सर्व बाजूंनी विचार करून गावाने सर्वांत सोपा मार्ग काढला. ग्वाल्टेरला खोटं बोलता येत नाही, तेव्हा तो जे सांगेल ते चांगलं दिसावं म्हणून आपणच खरं वागायचं. फक्त सणापर्यंत.

त्या काळात जे भोगलं ते सांगायला शब्द अपुरे आहेत. लिओपोल्दिना काकी काळोखात उठून हंडा खरोखर जमिनीत पुरू लागली. जेवण दुपारऐवजी संध्याकाळी तयार व्हायला लागलं, कारण ज्वालामुखी काही कुणाच्या हाताखाली कामाला नव्हता. चीजवाल्याने गायी घेतल्या आणि त्यांना घाबरून राहू लागला. फादर एर्मिनिओ दर तासाला घंटेचा दोर ओढत. त्यांचे दंड पैलवानासारखे झाले आणि प्रवचनं लहान झाली. (या सुधारणेबद्दल गाव अजून हळवं होतं.) डॉक्टरांच्या नोंदीनुसार कंबरदुखी तिपटीने वाढली आणि निद्रानाश पार नाहीसा झाला, कारण प्रामाणिक माणूस संध्याकाळी इतका दमलेला असतो की त्याला जागं राहणं परवडत नाही.

होता होता मुकुट ग्वाल्टेरच्या घरी आला. सणाला एक दिवस उरला. सगळं सुरळीत पार पडणार असं दिसत होतं, तेव्हा शनिवारच्या सहलीत एव्हारिस्टो स्वतः तिकीट काढून मागच्या सीटवर येऊन बसला.

तो सहा थांबे गप्प होता. चौकात मात्र झुल्मिराने उद्याच्या सूपचा नमुना म्हणून एक पातेलं मांडलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती हातात वाटी देत होती. इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. झुल्मिराचं सूप खारट असतं. हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी तिला ते उत्तम असल्याचं सांगितलं होतं. ग्वाल्टेरचं तेव्हा वर्षभर असं चाललं होतं, की तो वाटी घेऊन अंगणात जायचा, आणि नशिबाने तिने कधी विचारलं नव्हतं.

एव्हारिस्टोने एक घोट घेतला, डोळे पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ग्वाल्टेर, तू सांग बाबा. वहिनीचं सूप कसं झालंय?"

 फादरांची घंटेची वेळ झाली होती, ते दोर धरून तसेच थांबले. झुल्मिराच्या हातात पळी होती. ग्वाल्टेरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चौकातल्याच आपल्या घराच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या मुकुटाकडे पाहिलं. उत्तम म्हणावं तर मुकुट जातो. खरं म्हणावं तर ज्याच्यासाठी मुकुट आणला ते माणूस जातं.

"खारट आहे," तो म्हणाला. "लग्नापासून खारट आहे."

 झुल्मिराने पळी पातेल्याच्या काठावर आडवी ठेवली, ॲप्रनला हात पुसले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बेताचं मीठ घातलं की तू तीनतीनदा मागतोस. घरात पुरत नाही."

 नवस फक्त ग्वाल्टेरचा होता, तिचा नव्हता, तेव्हा हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग फादरांनी घंटा वाजवली आणि जीपमधल्या जर्मन प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी झुल्मिराने सणाचं म्हणून बेताच्या मिठाचं सूप केलं. असं सूप बेटावर पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि असं कमीही कधी पडलं नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या लोकांना नुसता पाव मिळाला. त्या रांगेत एव्हारिस्टो होता. ग्वाल्टेर मुकुट घालून चौथऱ्याशेजारी बसला होता, आणि त्याची तिसरी वाटी चालू होती.

संध्याकाळी मुकुट परत गेला. सोमवारी लिओपोल्दिना काकीने गॅसची शेगडी पुसून घेतली, चीजवाल्याने गायी विकल्या, फादरांनी टेप लावली, आणि पहिल्या थांब्यावर ग्वाल्टेरने भरून आलेल्या आवाजात बिशपचा दोर पुन्हा तळ्यात सोडला. सबंध गाव दुपारपर्यंत झोपलं.

पण सत्याची गोडी लागलेले प्रवासी येतच राहिले. त्यांची सोय एव्हारिस्टोने केली. त्याने जीपवर 'सत्याची सहल' असं रंगवून घेतलं. नवस वगैरे त्याला नाही, त्यामुळे साठा कमी पडत नाही. कुणाच्या घरात काय चालतं, कुणाची भाची खरं म्हणजे कोण, डॉक्टर दर गुरुवारी कुठे जातात, असं तो घराघरासमोर जीप थांबवून सांगतो. त्यातलं बहुतेक मीच त्याला पुरवतो, म्हातारपणी हाताला काम हवं. जाणकार प्रवाशांच्या मते ग्वाल्टेरच्या सत्यापेक्षा हे सत्य जास्त खरं वाटतं.

तुम्ही इतका वेळ आमच्या गावाला हसलात, त्याबद्दल आभारी आहे. परतफेड म्हणून एक सुचवतो. जीप बोटीवर चढते आणि दोघेही सध्या मोकळे आहेत. ग्वाल्टेर तुमच्या गल्लीपुरता अर्ध्या दिवसाचा नवस बोलायला तयार आहे, त्याची अट एवढीच, की पहिला थांबा तुमच्या दाराशी आणि प्रश्न तुमच्या घरचे विचारतील. एव्हारिस्टो शेजाऱ्यांच्या दारापासून सुरुवात करतो.

कुणाचा नंबर देऊ?

वाटलंच.