भालेरावांचा मान डोलवणारा वाघ

मुलांनो, एका जंगलात राजा सोडून सगळ्यांना निवृत्तीचं वय होतं. तिथे भालेराव नावाचं एक अस्वल राहत होतं.

भालेराव मध खात्यात होते. म्हणजे खात्यातही होते आणि मध खातही होते. मग एके दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि ते घरी बसले.

घरी बसल्या बसल्या ते आपल्या पत्नीला, वत्सलाबाईंना, फोडणी कशी द्यावी ते शिकवू लागले. चौथ्या दिवशी वत्सलाबाईंनी त्यांच्या हातात करवत दिली.

“अहो, काहीतरी छंद लावून घ्या,” त्या म्हणाल्या. “अंगणात.”

भालेरावांनी लाकडाचं बदक करायला घेतलं. मान तुटली, म्हणून ते कासव आहे असं जाहीर केलं. पाय तुटले, तेव्हा पेपरवेट म्हणून मोराला भेट दिलं. मोराकडे एकही कागद नव्हता. पण भेट परत कशी करणार?

हात मात्र हळूहळू बसत गेला. खुंट्या झाल्या, नावाच्या पाट्या झाल्या, शेपटी ओढली की टाळ्या वाजवणारं माकड झालं. सशांच्या बिळावर ‘सुस्वागतम्’ लागलं. ते कोल्ह्याला फार आवडलं.

मग वाघोबा महाराजांचा वाढदिवस आला. वादळात पडलेलं सागाचं खोड ओढून आणून भालेराव कामाला लागले. महिनाभर रंधा, पटाशी, पॉलिश पेपर. जेवायला हाक मारली की म्हणायचे, “आलो आलो, एवढी एक मिशी राहिलीय!”

आणि वाघ झाला! पिवळाधमक. काळे पट्टे. मान आतून तारेवर टांगलेली. जरा वारा आला की डोलायची. हो, हो, हो.

टोचे मिस्त्री बघायला आले. हे सुतारपक्षी, जंगलातले एकमेव धंदेवाईक सुतार. हौशी मंडळींवर त्यांचा राग. चारी बाजूंनी पाहून ते म्हणाले, “मानेचं काम टिकायचं नाही,” आणि उडून गेले.

महाराज मात्र खूश झाले. “गुहेच्या दाराशी उभा करा,” म्हणाले आणि कुणाला न सांगता शेजारच्या जंगलात अभ्यासदौऱ्यावर गेले. विषय होता ‘दुपारची झोप’.

दुसऱ्या दिवशी सशीण गाऱ्हाणं घेऊन आली. राजाच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिथे पद्धत नव्हती. तिने खाली बघूनच विचारलं, “महाराज, कोल्ह्याला आमच्या गल्लीत बंदी कराल का?”

वारा आला. हनुवटी वर-खाली झाली.

मग कोल्हा आला. “महाराज, मला सशांच्या गल्लीत फिरायची परवानगी?”

वर-खाली.

दोघांनीही पेढे वाटले! आठवडाभरात गुहेसमोर रांग लागली. घुबडाला सकाळची शांतता मिळाली, कोंबड्याला सकाळचं आरवणं मिळालं. नदी उलटी वाहावी अशी खेकड्यांची मागणी होती, तीही मंजूर झाली. प्रत्यक्षात काहीच झालं नाही, पण जंगल कसं आनंदात होतं!

फक्त भालेराव झुरत होते.

“अहो, सांगून टाका ना, लाकडाचा आहे म्हणून!” वत्सलाबाई म्हणाल्या.

“सगळ्यांच्या आनंदावर पाणी पडेल गं.”

“मग गप्प बसा.”

“कसा बसू? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि एकजण म्हणत नाही की पट्टे छान आलेत!”

महिन्याने महाराज परतले आणि लाकडी वाघाला आत ढकलून स्वतः दाराशी उभे राहिले. पहिलं आलं माकड.

“महाराज, आंब्याला बारा महिने आंबे?”

“नाही!” महाराज गरजले.

रांग थबकली. राजा नाही म्हणाला? पहिल्यांदाच सगळ्यांनी माना वर केल्या. मान हलत नव्हती!

“हे तर बनावट!” माकड किंचाळलं. “भालेराव करतात त्यातलं!”

टोचे मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी महाराजांच्या कपाळावर चोच मारली. टक, टक. कान लावला.

“पोकळ,” ते म्हणाले. “बनावटच. मी म्हणालोच होतो, मान बिघडणार.”

शंभर प्राण्यांनी महाराजांना उचललं, ते डरकाळ्या फोडत असतानाच, आणि भालेरावांच्या अंगणात आणून ठेवलं. “भालेराव, तुमचा माल! आवाज मस्त बसवलाय, पण मान अडकलीय.”

भालेराव पेचात पडले. खरं सांगावं, तर राजाला उचलून आणणाऱ्या शंभरजणांची धडगत नव्हती. न सांगावं, तर आपली.

तेवढ्यात सशीण म्हणाली, “काही म्हणा, पट्टे काय सुरेख आलेत!”

मुलांनो, भालेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तेलाची बुधली घेतली, महाराजांच्या मानेवर दोन थेंब टाकले आणि कानात म्हणाले, “महाराज, फक्त वर-खाली. बाकी काही करावं लागत नाही.”

महाराजांनी शंभर चेहऱ्यांकडे पाहिलं. मान हलवली. वर. खाली.

काय टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! माकडाने विचारलं, “बारा महिने आंबे?” वर-खाली. महाराजांना फुलांच्या माळा घातल्या, खांद्यावर घेऊन नाचले. इतकं प्रेम त्यांना डरकाळीने कधी मिळालं नव्हतं. भालेराव मागून हात जोडत चालले होते आणि म्हणत होते, “छे हो, हौस म्हणून करतो आपलं!”

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याला मान मिळतो, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शाळेत शिकवलं असेल तर बरोबरच असेल. पण मिळालेला मान टिकवायचा असेल, तर असलेली मान हलती ठेवा, आणि तेल घरचंच वापरा.