बिनशिक्क्याच्या नियमाची हकीकत

श्री असो, शाई असो, वाचणारास सवड असो. शके सोळाशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस धोंडभट शास्त्री सरकारी हत्तीच्या पायाखाली चिरडून ठार जाहले. ऐसे काही घडले नाही. पुढील मजकूर ध्यानी आणावा.

राज्याचे नाव सांगणेस मनाई आहे. तेथील महाराजांनी हुकूम केला की, ज्या नियमावर करणाराचा शिक्का नाही तो नियम रद्द, आणि तो सांभाळणारास हत्तीच्या पायी द्यावे. मग फडणीस अंताजीपंतांनी दप्तर उपसले आणि तळाशी एक कागद निघाला, 'वस्तू एक तर आहे, नाही तर नाही. दोन्ही एकदम नाही', आणि त्यावर शिक्का नाही. हा नियम शिकविण्याचे काम शास्त्रीबुवांचे घरी सात पिढ्यांचे, म्हणोन त्यांस बोलावणे गेले. पत्नी भिमाबाई पागोटे हाती देत म्हणाल्या, "अहो, खरं तेच बोला, पण घरी याल असं खरं बोला." शास्त्रीबुवा पागोटे बांधोन, तर्क शाबूत ठेवोन निघाले.

मग दरबारी महाराज वदले, "शास्त्री, हा नियम केला कोणी?" शास्त्रीबुवा हात जोडोन म्हणाले, "देवाने केला म्हणावे, तर करण्याआधी नियम नव्हता, म्हणजे देव होता आणि नव्हताही. नव्हता त्याने नियम कसा करावा? आणि देवाने केला नाही म्हणावे, तर देवासही लागू पडणारा नियम बिनधन्याचा हिंडतो आहे." अंताजीपंत म्हणाले, "थोडक्यात, शिक्का नाही." महाराज संतापले आणि नियम रद्द जाहला आणि शास्त्रीबुवांस शिक्षा फर्माविली. तेव्हा शास्त्रीबुवा उपरणे झटकोन म्हणाले, "उत्तम! नियम गेला, तर शिक्षा आहेही आणि नाहीही. निघतो मी." महाराजांनी त्यांस धरविले. मग अंताजीपंतांनी, कागदात खोट नको म्हणोन, 'चिरडावे आणि चिरडू नये' ऐसा हुकूम लिहिला, आणि मैदानी शास्त्रीबुवांस उताणे निजविले, आणि माहूत दाऊद याने हत्तीस हुकूम ऐकविला. हत्तीने पाय उचलला आणि शास्त्रीबुवांच्या पोटावर वीतभर अंतरी तसाच धरिला.

दाऊद ओरडला, "सरकार, दोहोंतलं एक बोला! पाय खाली तरी येईल, न्हाई तर वर तरी ऱ्हाईल. जनावराला दोन्ही जमत न्हाई!" पायाखालून आवाज आला, "महाराज, हत्तीने शिक्का पाहिला नाही, तरी नियम पाळतो आहे." महाराज गर्जले, "अरे, मी एकच सांगतो..." आणि तेथेच थबकले. "एकच म्हणालात, सरकार!" शास्त्रीबुवा पडल्या पडल्या म्हणाले. "रद्द करणाराचे मुखीही तोच नियम!" मैदानी जमलेल्या दरबाऱ्यांत कोणी हसले नाही, कारण परवानगी नव्हती.

मग महाराजांनी निवाडा केला की, नियम चालू ठेवावा, पण तात्पुरता. आणि त्याचा धनी प्रगट होईल त्या दिवशी, सात पिढ्या विनापरवाना वापर केला म्हणोन शास्त्र्याची शिक्षा बजवावी. तोवर त्यास घरी जिवंत ठेवावे. तेव्हापासोन भिमाबाई रोज देवापुढे निरांजन लावोन सांगतात, "देवा, तू आहेस, याची मला पक्की खात्री आहे. फक्त आहेस तिथंच राहा."

एकूण, नियम चालू, हत्ती कुशल, शास्त्रीबुवा जेवून झोपले. सबब श्री परमेश्वर, मुक्काम असतील तेथे, यांस विनंती की, आपण जातीने, हयातीच्या दाखल्यासह, कचेरीच्या वेळात फडणीस दप्तरी हजर राहोन सदरहू नियमावर शिक्का करावा. पुजारी पाठवू नये.