भिगवणची अंडी

मोठ्या बहिणीच्या साखरपुड्यादिवशी सकाळीच घरातून निसटायचं, तर कारण तसंच भक्कम लागतं. "सुपाऱ्या कमी पडतील, घेऊन येते," असं सांगून स्वराली बाहेर पडली आणि थेट जोतीरामच्या एसटीडी बूथवर येऊन थडकली. सुपाऱ्या घरात डबा भरून होत्या. कमी पडत होता तो वेळ.

नव्याण्णव साल चालू होतं. स्वरालीचं घर भिगवणचं, पण अकरावीसाठी ती बारामतीला मामाकडं राहायची. मामेभाऊ दीपक तिच्याच वर्गात. दोघांनाही लहानपणापासून डायनोसॉरचं वेड. बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलं आणि या वेडाला सोबत मिळाली. स्वरूपा नावाच्या नागपूरच्या एका कॉलेजकन्येनं 'डायनोसॉर कट्टा' नावाचा ई-मेलचा गट काढला होता. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. मराठीच लिहायचं, पण इंग्रजी अक्षरांत. कोल्हापूर, जळगाव, बेळगाव, झालंच तर एक जण थेट कॅनडातला, अशी बरीच पोरं त्यात होती. पण सगळी मुखदुर्बळ. पंगतीला बसायची, जेवायची आणि आवाज न करता उठून जायची. लिहायचं काम स्वरूपा, स्वराली आणि दीपक या तिघांचंच. त्यात स्वरूपाची परीक्षा आली आणि कट्ट्यावर अगदीच शुकशुकाट झाला.

तेवढ्यात गटाला जागा देणाऱ्या कंपनीनं कळवलं, की महिनाभर ज्या गटात एकही पत्र पडणार नाही, तो गट काढून टाकण्यात येईल. महिना आज भरत होता.

मामा-मामी कालच साखरपुड्याला भिगवणला आले होते. दीपक मात्र क्लासचं काम आहे म्हणून मागं राहिला होता. आता दीपकला स्वतःलाच चार ओळी खरडता आल्या नसत्या का? आल्या असत्या. पण मागं एकदा त्यानं उडणाऱ्या टेरोसॉरला डायनोसॉर म्हणून टाकलं होतं. टेरोसॉर हे डायनोसॉर नव्हेत. या पापाबद्दल स्वराली त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. तेव्हापासून तिचा दंडक होता, की आपण सांगितल्याशिवाय दीपकनं एक अक्षर पाठवायचं नाही. "तू डोकं चालवू नकोस, हात चालव," असं ती त्याला सांगायची. क्लासमध्ये फोनची लाइन एकच. फोन चालू असेपर्यंत इंटरनेट लागायचं नाही. म्हणून तिनं फोनवर सांगायचं, त्यानं लिहून घ्यायचं, आणि फोन ठेवून मग पाठवायचं, असं ठरलं होतं.

बूथच्या बाहेर बाकावर छबूबाई बसली होती. उजनीच्या पाण्यातली मासळी घेऊन पुण्याला पाठवायचा तिचा धंदा. चिलापीचा भाव विचारायला व्यापाऱ्याला फोन लावायचा म्हणून ती ताटकळली होती.

काचेच्या खोक्यात स्वरालीनं रिसीव्हर कानाला दाबला. आत नुसती खरखर.

"हॅलो, कॉम्प्युटर क्लास? दीपक, लिही! हा प्राणी चाळीस फूट लांब! मान लांब! शेपटी चाबकासारखी!"

"चाबकासारखी... हां, पुढं?"

"नर्मदेच्या काठी त्याची अंडी सापडली आहेत! नारळाएवढी!"

"कशाच्या काठी?"

"नर्मदेच्या! नर्मदेच्या!"

खरखरीत 'नर्मदे'तला मधला भाग वाहून गेला आणि दीपकच्या कानात 'नदीच्या' तेवढं पोचलं. काचेच्या पलीकडं छबूबाईलाही तेच ऐकू आलं. ती ताडकन उठली आणि तिनं खोक्याचं दार उघडलं.

"कुठली गं?" छबूबाईनं विचारलं. तिला विचारायचं होतं, अंडी कुठली.

"कुठली?" तिकडून दीपकनं विचारलं. त्याला विचारायचं होतं, नदी कुठली.

दीपकचा प्रश्न खरखरीत बुडाला. छबूबाई आपल्यालाच विचारतेय, पोरी तू कुठली, असं स्वरालीला वाटलं. ही काय चौकशीची वेळ आहे? ती रिसीव्हर तोंडाशी धरूनच वैतागून ओरडली, "भिगवणची! हितलीच!"

मराठी भाषा मोठी सोयीची. त्या एका उत्तरात नदीही बसली, अंडीही बसली आणि स्वरालीही बसली.

"आयला!" दीपक म्हणाला. "बरं, शाकाहारी लिहू का मांसाहारी?"

"हा शाकाहारी! पण अंड्यांच्या वासावर दुसरे येतात, ते मांसाहारी! दात एवढाले!" स्वरालीनं हातानं दाताची लांबी दाखवली. ती दीपकला दिसायचं कारण नव्हतं. छबूबाईला दिसली.

आणि लाइन कट झाली. पुन्हा काही लागेना. लिहिलेलं वाचून घ्यायचं राहिलं. पण मजकूर तर पोचला, या समाधानात स्वराली पैसे देऊन घरी गेली. छबूबाई फोन न लावताच गेलेली बघून जोतीरामला नवल वाटलं.

छबूबाई पाण्याच्या काठाला गेली. होड्या सुटायच्या बेतात होत्या.

"थांबा रं! पाण्यात जाऊ नगा! काठाला जनावर व्यालंय!"

"कसलं जनावर?" गेणू कोळ्यानं विचारलं.

"चाळीस फुटी. अंडी घातल्याती नारळाएवढी. ते काय करत न्हाय म्हणं, पाला खातं. पर त्येच्या मागनं दुसरं येतंय, ते सोडत न्हाय."

"कोण म्हणालं?"

"तात्यांची धाकली पोरगी. बारामतीला कॉलेजात हाय ती. कॉम्प्युटरवाल्यांना फोन करून कळीवलं तिनं, म्या हितं उभी हुते की!"

कॉलेज आणि कॉम्प्युटर म्हटल्यावर वाद मिटला. होड्या काठाला ओढल्या गेल्या. थोड्या वेळानं गेणूला लांब पाण्यात मान दिसली. धरणात बुडालेल्या बाभळीचं ते खोड होतं आणि गेणू त्याला जन्मभर जाळी अडकवत आला होता. पण आज त्याला ती मानच वाटली. मग एकाची शेळी सापडेना. दुसऱ्याला चिखलात शेपटी फरफटल्याची खूण दिसली. बघता बघता काठावर जत्रा जमली आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ही बातमी अलीकडं दौंडला नि पलीकडं इंदापूरला नेऊन पोचवली.

स्वरालीच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या घरी मांडव सजला होता. तिची मोठी बहीण मनिषा हिरवी साडी नेसून तयार होती. पाहुणे मात्र येईनात. इंदापूरहून जीप निघाल्याचा निरोप केव्हाच आला होता. शेवटी जोतीराम मोटरसायकलवरून घाम पुसत आला.

"तात्या, पाव्हणं हायवेला हाटेलात थांबल्यात. गेणबा आबा म्हणत्यात, आज नगं. तारीख म्होरं ढकलू."

गेणबा म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी जात नसे.

"का? काय झालं?" तात्यांचा आवाज चढला.

"ती अंडी हो! पाण्याकडंला जनावर अंड्यावर बसलंय चाळीस फुटी. आबा म्हणत्यात, येवढं वाजंत्री-बिजंत्री लावून त्या बाजूला जायचं न्हाय."

"माझा साखरपुडा अंड्यांवरनं मोडतोय व्हय?" मनिषा आतून ओरडली आणि रडायलाच लागली.

तात्या जनावराला शिव्या द्यायला लागले. स्वराली मात्र भिंतीला टेकून उभी होती. चाळीस फूट. अंडी. नारळाएवढी. "भिगवणची, हितलीच" हे आपलेच शब्द तिला आठवले.

"तात्या," ती म्हणाली, "ते जनावर माझं हाय."

"काय?"

"म्हंजे मी सांगितलंय. पण ते हितं न्हाय. ते मेलंय. तुमी मला हाटेलात न्या, मी सांगते सगळं."

तात्यांनी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की एरवी ती पळून गेली असती. पण त्यांनी मुकाट्यानं स्कूटर काढली. आपल्यामुळं ताईचं लग्न मोडलं, तर जन्मात पुन्हा डायनोसॉरचं नाव काढायचं नाही, अशी शपथ स्वरालीनं स्कूटरवर बसल्या बसल्या घेतली.

हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. जनावर बघायला आलेली सगळी माणसं मासे खात बसली होती. मधल्या खाटेवर गेणबा आबा बसले होते, पांढराशुभ्र पटका, हातात काठी. शेजारी नवरा मुलगा रविराज नव्या सफारीत अवघडून उभा. छबूबाईही तिथंच होती आणि दाताची लांबी दाखवत होती. ती आता कोपरापर्यंत आली होती.

"आबा, माफ करा," स्वराली हात जोडून म्हणाली. "हितं जनावर न्हाय. मी फोनवर जुन्या काळातल्या जनावराचं सांगत हुते. त्याला डायनोसॉर म्हणत्यात. अंडी नर्मदेच्या काठी सापडली, लांब, मध्य प्रदेशात. अन् ती पण दगड झालेली."

"मंग भिगवणची म्हणालीस ती?" छबूबाईनं कंबरेवर हात ठेवले.

"मावशी, तुमी इचारलं, कुठली गं. मला वाटलं, मी कुठली इचारताय. मी माझं सांगितलं!"

आबांनी काठी जमिनीवर टेकवली.

"पोरी, खरं सांग. अंड्यावर बसलेली मादी न्हाय ना हितं? आमी मेंढरांमागं उभा जल्म काढला. भ्यायचं सोड, पर व्यालेल्या जनावराच्या समोरनं वाजत-गाजत जायचं न्हाय, हा आमचा रिवाज हाय. तिला तरास हुतो."

म्हणजे आबा घाबरले नव्हते. त्यांना त्या मादीची काळजी होती. हे कळल्यावर स्वरालीला एकदम हायसं वाटलं. असा आजेसासरा ताईला मिळतोय, तर घर चांगलंच असणार.

"न्हाय आबा. ते सगळे मेले."

"कवा?"

"साडेसहा कोटी वर्सांमागं."

आबांनी थोडा विचार केला. मग पटका नीट केला आणि उठून उभे राहिले.

"मंग सुतक फिटलं म्हणायचं. चला रं, जीप काढा."

हॉटेलभर हशा उसळला. तात्याही हसले. रविराजनं सुस्कारा सोडला आणि धावत जाऊन ड्रायव्हरच्या शेजारची जागा पकडली. छबूबाई तेवढी हसली नाही. "मेलेल्या जनावराची चौकशी करायला फोन करत्यात व्हय कुणी?" असं म्हणत ती बाहेर गेली. पण बाहेर गर्दीला मासे कमी पडत होते आणि तिच्या टोपल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळं तिचा राग फार टिकला नाही.

साखरपुडा थाटात झाला. पंगत उठताना दीपक बारामतीहून एसटीनं येऊन पोचला. स्वरालीनं त्याला बाजूला ओढलं.

"पाठवलंस ना?"

"पाठवलं की! कट्टा वाचला! पण तू भिगवणला अंडी शोधलीस आणि मला आधी सांगितलं न्हायस?"

"काय लिहिलंस तू?"

"तू सांगितलंस तेच. भिगवणच्या नदीच्या काठी अंडी सापडली. खाली तुझं नाव घातलं, शोध तुझा हाय म्हणून."

स्वराली मांडवातल्या खुर्चीत मटकन बसली. "तुला शंका न्हाय आली?"

"आली. पण तूच म्हणतेस ना, डोकं चालवू नकोस!"

बारामतीला परत गेल्यावर दोन दिवस ती कॉम्प्युटर क्लासकडं फिरकलीच नाही. टेरोसॉरवरून आठवडाभर अबोला धरणाऱ्या मुलीच्या नावावर भिगवणची अंडी! शेवटी दीपकनंच तिला ओढत नेलं. मोडेम कुरकुरला, किंचाळला आणि पत्रं उतरायला लागली. उतरतच राहिली.

जळगावच्या मुलानं लिहिलं होतं, की हा खडक बसाल्टचा, लाव्हारसात अंडी कशी टिकतील? कोल्हापूरच्या मुलीनं त्यालाच खोडलं होतं, की लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचे थर असतात, तिथं टिकू शकतात. बेळगावच्यानं दोघांना खोडलं होतं. कॅनडातला मुलगा आजवर एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं तर लांबलचक पत्र लिहून शेवटी विचारलं होतं, की भिगवण म्हणजे सोलापूर रस्त्यावरचंच ना, माझी आत्या तिथली. ज्यांची नावंही माहीत नव्हती अशी माणसं एकमेकांशी तावातावानं भांडत होती, आणि स्वरालीला रागावलं कुणीच नव्हतं. चूक दुरुस्त करायला मिळाल्याचा आनंद प्रत्येकाच्या ओळीओळीतून सांडत होता.

सगळ्यांत खाली स्वरूपाचं पत्र होतं. 'कट्टा एवढा कधीच गाजला नव्हता. तुम्हाला नर्मदा म्हणायचं होतं, हे मी ओळखलं, सगळ्यांना सांगते. जमलं तर पुढच्या महिन्यातही काहीतरी चुकवा.'

स्वराली पुन्हा पुन्हा ते वाचत राहिली. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात कट्टा पुन्हा शांत झाला. दीपक कीबोर्डपुढं बोटं मोडत बसला. "सांग, काय लिहू?"

स्वरालीनं छताकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कधी न दिसलेलं एक हसू आलं.

"लिही," ती म्हणाली. "टायरॅनोसॉरस हा शुद्ध शाकाहारी होता. आणि खाली तुझं नाव घाल."