फीत न कापलेली गाडी

कोणतीही वस्तू वापरली की झिजते. मूल्यांचंही तसंच आहे. म्हणून एखाद्या थोर माणसाची मूल्यं पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवायची असतील, तर मधल्या पिढीने ती वापरू नयेत, एवढी खबरदारी घ्यावी लागते. मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या भैयाजी स्मृती प्रतिष्ठानाने ही खबरदारी जितक्या निष्ठेने घेतली आहे, तितकी दुसऱ्या कोणी घेतल्याचं आमच्या ऐकिवात नाही. (प्रतिष्ठानाची स्मरणिका आम्हीच काढतो; तरीही हे मत निःपक्षपाती आहे.)

भैयाजींची धानाची गिरणी होती आणि एक जीप होती. त्या काळी आसपासच्या गावांत दुसरी चारचाकी नव्हती. जीपची चावी ओसरीच्या खांबावर खिळ्याला टांगलेली असे. कोणाच्या घरी दुखणं आलं, की त्याने चावी काढायची, गाडी चालवणारा शोधायचा आणि निघायचं. भैयाजींना विचारायचं नाही, एवढी एकच अट होती. एकदा जंगलातल्या पाड्यावरून पोचू धावत आला. त्याची बायको कलाबाई बाळंतपणात अडली होती, आणि त्याला अट ठाऊक नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "मालक, मले गाडी पाह्यजे." भैयाजी जेवत होते. त्यांनी उष्ट्या हातानेच खिळा दाखवला. "इचारून काऊन राह्यला बे? घे ना!" दवाखाना यायच्या आधी, नदीच्या अलीकडे, त्या जीपमध्येच कलाबाईला मुलगा झाला. तोच आजचा लालसू.

भैयाजी गेले आणि त्यांचे चिरंजीव निकेशभाऊ यांनी प्रतिष्ठान काढलं. नात दिव्यानीताई पुण्याला व्यवस्थापन शिकून आल्या आणि कामाला शिस्त लागली. जीप संगमरवरी चौथऱ्यावर चढली. फरशीवर तेलाचे डाग पडू लागले म्हणून तिचं इंजिन काढण्यात आलं; आता ती कधीच बिघडत नाही. चावी कोणीही उचलून नेईल अशी भीती होती (पूर्वी हिलाच सोय म्हणत), म्हणून ती चंद्रपूरला बँकेच्या लॉकरमध्ये आहे. खिळ्याला सोन्याचा मुलामा दिलेला आहे, आणि त्याची माणसापेक्षा उंच पितळी प्रतिकृती फाटकाशी उभी आहे. दर पुण्यतिथीला 'विचारायचं नाही' या विषयावर व्याख्यान होतं. प्रश्न विचारण्यासाठी आठ दिवस आधी अर्ज करावा लागतो. शाळेची मुलं पोचूचा प्रसंग नाटकात करून दाखवतात. प्रतिष्ठानाच्या पाहणीनुसार नव्वद टक्के गावकऱ्यांना भैयाजींची मूल्यं तोंडपाठ आहेत. उरलेल्या दहा टक्क्यांनी, जीप कुठे गेली, असा विषयाला सोडून प्रश्न केला.

यंदा तर प्रतिष्ठानाने कमालच केली. गावाला नवी कोरी रुग्णवाहिका द्यायचं ठरलं. आत स्ट्रेचर, प्राणवायूची टाकी, बाहेर दोन्ही बाजूंना भैयाजींचा फोटो. पुण्यतिथीला सकाळी ती मांडवापुढे आणून उभी केली, झेंडूच्या माळा घातल्या आणि दोन्ही आरशांना मिळून लाल फीत बांधली. फीत कापणारे पाहुणे फार मोठे होते. (निवृत्त झाल्यापासून अधिकच.) ते आदल्या दिवशी ताडोब्याच्या जंगलाशी, मोहर्लीला उतरले होते. सकाळच्या सफारीत त्यांना वाघ दिसला नाही. वाघ न बघता ताडोबा सोडायचा म्हणजे वाघाचा अपमान, म्हणून ते दुपारच्याही सफारीला बसले. कार्यक्रम पुढे सरकला.

लालसूला दरवर्षी मानाचं बोलावणं असतं. भैयाजींच्या जीपमध्ये जन्मलेला दुसरा माणूस उपलब्ध नसल्याने शाल त्यालाच द्यावी लागते. (कलाबाई त्या शालींवर मोहफुलं वाळवते, अशी तक्रार कार्यकारिणीपुढे विचाराधीन आहे.) यंदा तो बोलावण्याच्या आधीच आला, आणि पळत आला. त्याची बायको रीना सकाळपासून कळा देत होती. पाड्यावरच्या सुईणीने हात टेकले होते. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती.

"भाऊ, रीना लय तरासात हाये," लालसू निकेशभाऊंना म्हणाला. "मले गाडी पाह्यजे."

निकेशभाऊंना वाईट वाटलं. ते मनाने हळवे आहेत. आम्ही त्यांचे डोळे भरलेले पाहिले. "अरे, गाडी तुमच्याचसाठी तं घेतली ना बाप्पा! पाहुने येऊ दे, फीत कापू दे, मंग पयली तुलेच."

"गाडी तं इथीच उभी हाये. काऊन थांबाचं?"

हा प्रश्न वरवर योग्य वाटेल, पण दिव्यानीताईंनी तो शांतपणे सोडवला. फीत कापेपर्यंत ती रुग्णवाहिका नव्हेच, नुसतं वाहन आहे. आणि नुसत्या वाहनात पेशंट घालणं धोक्याचं. शिवाय वाहन आधीच वापरलं, तर पाहुण्यांच्या हस्ते जुन्या गाडीचं लोकार्पण होईल. ती पाहुण्यांची फसवणूक ठरेल, आणि भैयाजींना फसवणूक कधी खपली नाही. प्रतिष्ठानाच्या दुसऱ्या गाड्या? एक मोहर्लीला पाहुण्यांच्या दिमतीला होती आणि दुसरी पुष्पगुच्छ आणायला बल्लारपूरला गेली होती.

पाहुण्यांची वाट पाहून मांडव रिकामा होऊ लागला होता. तेव्हा ताईंना सुचलं, की लालसूने आताच दोन शब्द बोलावेत. लालसूला वाटलं, एवढ्या लोकांना सांगितलं तर कोणीतरी उठेल. तो मंचावर चढला, माईक दोन्ही हातांनी धरला आणि रडत म्हणाला, "मले गाडी पाह्यजे. माही बायको मरून राह्यली. कोनी तरी गाडी द्या जी."

अख्खा मांडव टाळ्यांनी दणाणला. मुलांच्या नाटकात पोचूचं वाक्य हेच असतं. पण इतक्या जिवंतपणे ते आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे टिपू लागल्या. "पुन्हा एकदा!" अशी हाक आली. लालसू पुन्हा म्हणाला. पुन्हा टाळ्या. मांडवाबाहेर मोटारी आणि पिकअप ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांचे मालक उभं राहून टाळ्या वाजवत होते. निकेशभाऊंनी स्वतः त्याच्या अंगावर शाल घातली.

लालसू शालीसकट पळत सुटला. रस्त्यावर बंगाली वस्तीतला निताई मंडल बाजारातून मासे विकून रिकामी पिकअप घेऊन परतत होता. लालसूने त्यालाही तेच वाक्य सांगितलं. निताईला सभेचं बोलावणं नव्हतं, त्यामुळे त्याला हे नाटक आहे हे कळलं नाही. त्याने गाडी वळवली आणि तो सरळ पाड्यावर गेला.

दुपारच्या सफारीत वाघ दिसला. पाहुणे आनंदात आले, रात्री उशिरा फीत कापली, आणि भैयाजींसारखी माणसं आता होत नाहीत असं म्हणाले. नंतर कार्यकारिणीने आभाराचे ठराव केले. लालसूच्या भाषणाची चित्रफीत शाळांना दाखवावी. मुलांच्या नाटकात यापुढे रडणंही घ्यावं. रुग्णवाहिकेसाठी काचेची शेड बांधावी, कारण उन्हाने भैयाजींचा फोटो फिका पडेल. निताईला मात्र सौम्य समज देण्यात आली, कारण त्याच्या पिकअपला येणारा मासळीचा वास सेवेच्या प्रतिमेला शोभत नाही.

हा सगळा वृत्तांत स्मरणिकेत छापून आला. वाचकांची भरभरून पत्रं आली. कोणी चित्रफीत मागितली, कोणी विचारलं, शेडला काच कुठली. पाहुण्यांना दिसलेला वाघ नर की मादी, हेही एकाने विचारलं. रीनाचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत; ठराव मजेत वाचत खाली आलात. रीना वाचली. बाळ गेलं. निताईची गाडी थोडी आधी मिळाली असती तर तेही वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. प्रतिष्ठान नवे सदस्य घेत आहे, आणि तुमची पात्रता आम्ही आत्ताच तपासून पाहिली आहे.