हैबतराव पोकर शिकले त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन करोन, घडले तैसे लिहितो, पदरचे मीठ घालीत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, श्रावणमासी कोणे एके राज्यात हैबतराव नामे सरदार तिसऱ्या माळ्यावर राज्य करीत होते, आणि त्यांचे थोरले बंधू जिवाजीराव, ज्यांस सकळ लोक दादासाहेब म्हणत, ते दोन मजलांच्या वाटेवर दुसरे गावी एकटेच राहत होते. या घराण्याची रीत ऐसी की, जड गोष्ट समोरासमोर बोलावयाची नाही, पत्ते वाटता वाटता बोलावयाची. थोरल्यांनी लग्नास होकार दिला तो रमीच्या डावात, आणि वडील गेल्यावर वाटणी जाहली तीही पाने पिसताना. मग गावे दोन जाहली, तेव्हा दादासाहेबांनीच युक्ती काढली की मोबाइलात पोकर म्हणोन टोपीकरांचा डाव आहे, हाती दोन पाने, मध्ये पाच, पैज चहाच्या कपाएवढी, आणि बाजूस लिहोन बोलण्याची खिडकी आहे. रोज चार वाजता दोघे बंधू एका मेजावर बसत, आणि दादासाहेब लिहीत, "हैबती, आज भरीत केले, मीठ विसरलो."

हैबतराव नवशिके, हाती काहीही येवो, पाने टाकोन डाव सोडीत नसत, म्हणोन रोज हरत. हरणे सरदारांच्या जिव्हारी लागले. मग त्यांनी व्हिडिओ पाहोन विद्या आरंभली आणि खरोखर सुधारले. दहा डावांत सात वेळा पाने टाकू लागले, पैज लावण्याची पाळी शेवटी असता धीट व पहिली असता सावध राहू लागले, आणि प्रत्येक गड्याच्या नावापुढे टिपण लिहू लागले. व्हिडिओतल्या गुरूने सांगितले की बोलण्याने चित्त विचलते, खिडकी बंद करावी. सरदारांनी तत्काळ बंद केली. तिच्यात कोण बोलत होते, इतकाही विचार केला नाही. आम्ही शेजारी, तेथेच चहा पीत बसलो होतो, आम्हीही चांगले केले म्हटले. ते आज आठवले की स्वतःचीच लाज वाटते.

मग भाद्रपदात चमत्कार जाहला. दादासाहेब, जे चाळीस वर्षांचे पट्टीचे खेळाडू, ते धडाधड हरू लागले. एके दिवशी त्यांनी सर्वस्व पुढे लोटले आणि पाने उघडली, तो चार इस्पिक आणि एक किलवर. पाचही इस्पिक, म्हणजे भारी हात, आहेत ऐसे समजोन लढले होते. हैबतराव मांडीवर थाप मारोन हसले आणि टिपणात लिहिते जाहले, 'यास रंग ओळखता येत नाही, मोठा डाव करावा.' आणि आठ दिवस मोठा डाव करोन थोरल्या भावास लुटले, आणि घरात सांगते जाहले की, "दादांना हरवतो म्हणजे बघा, काय तयारी झाली माझी!"

मग चार दिवस दादासाहेब मेजावर आलेच नाहीत. तेव्हा हैबतरावांनी खिडकी उघडली, आणि महिन्याचे बोलणे एकदम खाली उतरले. त्यात लिहिले होते, "हैबती, डाव्या डोळ्यापुढे काळे आले रे. उजवा तर आधीच अधू." मग, "डॉक्टर म्हणतात पडदा सरकलाय, ऑपरेशन लगेच करा, घरचं माणूस सोबत आणा. येतोस का?" मग, "पानं नीट दिसत नाहीत, पण तू असतोस म्हणून बसतो." मग, "बुधवारची तारीख गेली. पुढच्या सोमवारी जमेल?"

सरदार तैसेच निघाले, आम्ही सोबत गेलो. दादासाहेब ओसरीवर बसले होते. तेथल्या एका शेजाऱ्यास घेऊन शेवटी इस्पितळी गेले होते, परंतु उशीर जाहला होता आणि डावा डोळा गेला होता. पावले ऐकोन म्हणाले, "हैबती ना? ये. खेळ फार सुधारला रे तुझा."

हैबतराव पाय धरोन म्हणाले, "दादा, मी तुमचं बोलणंच बंद करून ठेवलं होतं. काही वाचलं नाही मी."

दादासाहेब मग म्हणाले, "मला वाटलं, विचार करतोयस. म्हणून थांबलो."

येणेप्रमाणे सरदारांची पोकर-विद्या सिद्धीस गेली. पाने कधी टाकावी हे त्यांस उत्तम कळू लागले होते, याची साक्ष आम्ही देतो. थोरल्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि धाकट्यांस तेच सोसत नाही. इतके लिहोन लेखणी धुतली.