बन्सीभाऊंचा कावळा

"पाच मिनिटांत कावळा शिवला नाही तर नाव बदलीन!" कायगाव टोक्याच्या घाटावर मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

दहावा बन्सीभाऊंचा होता. या माणसानं आमच्या सिडकोतल्या बागेला चाळीस वर्षं बिनपगारी पाणी घातलं. अधू डावा पाय ओढत, रोज सकाळी, हातात झारी घेऊन! अशा माणसाची कसली इच्छा राहणार?

अर्धा तास झाला. कडुलिंबावर तीसेक कावळे बसले होते, पण एकही ओरडेना. वाराही पडला होता. सगळ्या चोची आमच्याकडे!

त्यांची मुलगी शीला पिंडापुढं हात जोडून म्हणाली, "आबा, आईला मी सांभाळते."

कावळे गप्प.

सारजावहिनींचे डोळे वाहायला लागले. "जन्मभर झाडांना पाजलं, अन् ह्यांनीच उपाशी जायचं व्हय? काकासाहेब, तुमी बोला. बागेचं तुमालाच ठावं."

मी बाग समितीचा अध्यक्ष! घसा खाकरून म्हणालो, "बन्सीभाऊ, बागेची काळजी सोडा. मी आहे!"

एक कावळा खाली उतरला. पिंडाकडे न जाता, डावा पाय ओढत, थेट माझ्यासमोर आला आणि मान तिरकी करून बघत राहिला. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

"काय राह्यलंय वो?" वहिनींनी विचारलं.

"कुठं काय!"

कावळा एक पाऊल पुढं आला.

"ते... भाऊ दवाखान्यात होते ना, तेव्हा मी त्यांचं जास्वंदीचं कुंपण तोडलं. माझी नवी गाडी बागेत लावायला!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कावळ्यासकट!

"गाडी काढतो!" कावळा हलेना. "जास्वंद लावतो!" हलेना. "रोज सकाळी पाणी मी स्वतः घालतो! मरेपर्यंत!"

कावळा वळला, लंगडत गेला आणि पिंडाला शिवला. वहिनी रडता रडता हसल्या. मला मात्र हसू येईना.

चार महिने झाले. रोज तो बागेच्या नळावर बसलेला असतो. एखादं रोप राहिलं की ओरडतो! परवा मला ताप होता. अंथरुणातूनच पुटपुटलो, "भाऊ, आज सुट्टी द्या."

खिडकीच्या गजावर नखं खरखरली.

मुकाट्यानं झारी उचलून निघालो. बागेच्या फाटकाशी वहिनी भेटल्या. "काकासाहेब, तुमचा बी डावा पाय वढतोय की!"

"चप्पल नवी आहे," मी म्हणालो.

चप्पल दोन वर्षांची आहे.